उसनी आली, परत नाही मिळाली

२०२४च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याला आली, तेव्हापासून मी एकच दुरुस्ती किती वेळा केली याचा हिशेब राहिलेला नाही. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आत्यानं लिहिलं, 'साडेतीनशे वर्षांनी वाघनखं घरी परत आली.' मी लिहिलं, 'आत्या, तीन वर्षांसाठी उसनी आली आहेत.' तिनं हात जोडलेलं चित्र टाकलं. काकांनी विचारलं, 'तुला आनंद नाही का झाला?' झाला होता हो. शेजारणीनं साखरपुड्यापुरता चंद्रहार दिला तरी आनंद होतोच, पण म्हणून कोणी तो आपल्या लॉकरच्या यादीत चढवत नाही.

(साडेतीनशेचा हिशेबही चुकलाच होता. प्रतापगडचा प्रसंग १६५९चा. म्युझियमकडची हकिगत अशी, की जेम्स ग्रँट डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्याला कंपनी सरकारचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी, असताना पेशव्यांच्या कारभाऱ्यानं त्याला ती दिली. पुढे त्याच्या वंशजांनी म्युझियमला दिली. म्हणजे बाहेर जाऊन दोनशे वर्षं.)

ही वाघनखं महाराजांनी वापरली तीच का, हा वाद वेगळा. ती तीच असल्याची खातरजमा करता येत नाही, असं म्युझियम स्वतःच सांगतं. त्या वादात टीव्हीवाल्यांनी इतके तास घालवले, की कागदावर नेमकी कशाची सही झाली हे कोणी विचारलंच नाही. मला त्या सहीबद्दल बोलायचं आहे.

घोळाचं मूळ आपल्या भाषेतच आहे असं मला वाटतं. 'परत आली' म्हणजे गेलेली वस्तू पुन्हा इथे दिसली. 'परत केली' म्हणजे घेणाऱ्यानं ती मूळ धन्याच्या हवाली केली. पहिलं वाक्य जागेबद्दल आहे, दुसरं मालकीबद्दल. दोन्हीकडे शब्द एकच, त्यामुळे बातमी लिहिणाऱ्याचं काम सोपं होतं आणि वाचणाऱ्याची फसगत.

संग्रहालयांच्या जगात उसनवारीला 'लोन' म्हणतात, आणि ते भलतंच काटेकोर प्रकरण असतं. वस्तू पाठवण्याआधी देणारं म्युझियम घेणाऱ्याची चौकशी करतं: दालनात दमटपणा किती, प्रकाश किती, कुलूप कसलं, रात्री पहाऱ्याला कोण. विमा 'नेल टू नेल' असतो, म्हणजे चित्र तिकडच्या खिळ्यावरून उतरल्यापासून पुन्हा त्याच खिळ्यावर टांगेपर्यंत. पेटीसोबत बहुधा म्युझियमचा माणूस येतो. त्याला कुरिअर म्हणतात, पण हा पार्सल दारात टाकून जाणारा नव्हे, पेटीवरून नजर न हटवणारा. पेटी पोचली तरी लगेच उघडायची नाही. आतल्या वस्तूला इथल्या हवेची सवय होण्यासाठी ती साधारण दिवसभर तशीच ठेवतात. मग टेबलावर पांढरा कागद, हातात मोजे, बॅटरी, भिंग आणि कंडिशन रिपोर्ट. या रिपोर्टात वस्तूचे फोटो असतात आणि प्रत्येक ओरखडा, गंजाचा प्रत्येक ठिपका खुणेनं दाखवलेला असतो. दोन्हीकडची माणसं वाकून खुणा जुळवतात आणि सही करतात. जाताना हेच सगळं उलट. भाड्याची गाडी परत करताना बंपरवरचे ओरखडे मोजतात ना, तसंच. वस्तू आपल्याच मालकीची होऊन आली असती, तर परत देताना ओरखडे जुळवण्याची वेळ आली नसती.

खरी ठेच लागते ती पुढे. लोनच्या करारावर सही केली की वस्तू देणाऱ्याची आहे हे तुम्ही मान्य केलेलं असतं. अथेन्सच्या पार्थेनॉन देवळातून ब्रिटिश म्युझियमकडे गेलेल्या शिल्पांचं घोडं इथेच अडलं आहे. ब्रिटिश म्युझियम म्हणतं, उसनी हवीत तर आधी आमची मालकी माना. ग्रीस म्हणतो, आमचीच वस्तू आम्ही उसनी का घ्यावी? हा हट्ट नाही, व्यवहार आहे. एकदा मालकी मानली की उद्या हक्क सांगताना तुमचीच सही तुमच्या आड येते. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टवाल्यांनी मनात आणलं तरी ते सहज देऊ शकत नाहीत, हेही खरं. १९८३च्या नॅशनल हेरिटेज अ‍ॅक्टनं त्यांच्या विश्वस्तांचे हात बांधले आहेत आणि मोजके अपवाद सोडले तर संग्रहातली वस्तू काढून टाकता येत नाही. म्हणून ते लोन पुढे करतात. ते घेऊ नये असं मी म्हणत नाही. साताऱ्याच्या शाळकरी पोरांनी लंडनचा व्हिसा कधी काढायचा? घ्यावं, पण त्याला लोन म्हणावं.

आता उलटं उदाहरण बघा, म्हणजे जागा आणि मालकी किती स्वतंत्र आहेत ते कळेल. ऑगस्ट २०२२मध्ये ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह म्युझियममध्ये भारताला सात वस्तू देण्याच्या करारावर सह्या झाल्या. ग्लासगोची संग्रहालयं नगरपालिकेची असल्यामुळे १९८३चा कायदा त्यांना आड आला नाही. सह्या झाल्या त्या दिवशी वस्तू तिथेच होत्या, पण मालकी सोपवल्याचा समारंभ झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनच्या हॉर्निमन म्युझियमनं आजच्या नायजेरियात असलेल्या जुन्या बेनिन राज्याच्या ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. त्यांतल्या ६ लगेच हवाली झाल्या, बाकीच्या लंडनमध्येच राहिल्या. मात्र आता उसनं घेणारं हॉर्निमन होतं आणि मालक नायजेरिया! वस्तू तसूभर हलली नाही, पण तिचा धनी बदलला. आपल्याकडे नेमकं याच्या उलट झालं: वस्तू हजारो किलोमीटर आली आणि धनी तोच राहिला.

दोन्ही प्रकार एकाच छपराखाली पाहायचे असतील तर घानातल्या कुमासीचं मान्हिया पॅलेस म्युझियम घ्या. असांटे राजाच्या या म्युझियमला फेब्रुवारी २०२४मध्ये लॉस एंजेलिसच्या फाउलर म्युझियमनं ७ वस्तू कायमच्या दिल्या. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ब्रिटिश म्युझियम आणि आपल्या ओळखीच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टनं मिळून ३२ वस्तू पाठवल्या, त्या तीन वर्षांच्या लोनवर. बघायला येणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून माझा आग्रह असा, की अशा वस्तूखालच्या पाटीवर काळ आणि धातू यांच्याइतक्याच ठळक अक्षरांत लिहावं: कोणाकडून, उसनी की मालकीची, कधीपर्यंत. ही माहिती कोपऱ्यात बारीक अक्षरांत ढकलणाऱ्या पाट्यांचा मला मनस्वी राग येतो.

चोरीला गेलेल्या मूर्तींचं प्रकरण त्या मानानं सरळ. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतानच्या देवळातला नटराज ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीत पोचला होता. तो २०१४मध्ये भारताच्या हवाली झाला आणि त्याला कोणी लोन म्हटलं नाही. तिथे 'परत केला' हाच शब्द.

तिसरा प्रकार दोन वाक्यांत उरकतो. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारनं २०२५मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाखांना विकत घेतली. आता ती खरोखर आपली आहे, पण पैसे मोजून आणलेल्या वस्तूला 'परत मिळवली' म्हणणं म्हणजे बाजारातून आणलेल्या आंब्याला घरच्या झाडाचा म्हणण्यासारखं आहे.

आत्याला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, 'म्हणजे पुन्हा नेणार?' मुदत वाढली नाही तर हो. २०२७मध्ये तोच रिपोर्ट टेबलावर येईल, त्याच खुणा भिंगाखाली जुळवल्या जातील, पेटीला कुलूप लागेल. 'आणि मग पेपरात काय छापून येईल?' तिनं विचारलं. मी म्हटलं, 'तेव्हा मात्र "परत केली" असं छापलं तर अगदी बरोबर असेल.'