जास्त वॅटचा बल्ब म्हणजे जास्त उजेड?

जुन्या गाडीचे दिवे मिणमिणतात म्हणून ६०/५५ वॅटचा (हाय/लो बीम) एच-४ हा हॅलोजन बल्ब काढून १००/९०चा लावा, हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. खोट बहुधा बल्बात नसते, वायरिंगमध्ये असते. व्होल्टेज १० टक्के घटलं की हॅलोजनचा उजेड सुमारे ३० टक्के पडतो. वॅट वाढवले की करंट वाढतो, वायरमधली व्होल्टेजची घटही वाढते आणि होल्डर वितळतो तो वेगळाच.

आधी मोजा. इंजिन, दिवे चालू ठेवून बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या प्लसपर्यंत मल्टिमीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर लो आणि हाय बीमला वेगळे ३० अँपिअरचे रिले (दिव्याच्या स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीतून थेट बल्बला वीज जोडणारे स्विच), २.५ चौरस मिमी वायर आणि बॅटरीजवळच फ्यूज बसवा. अर्थिंगही, म्हणजे बल्बच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत, तसंच मोजा. (काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो, जोडणीआधी बघा.) रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर मात्र तोच बदला.