ऑफेन्सिव्ह लाइनची डेप्थ

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या, म्हणजे डाव चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूच्या, पुढे पाच धिप्पाड खेळाडूंची फळी उभी असते, तिला ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. या पाचांपैकी कोणी जायबंदी झाला तर त्याच्या जागी उतरवता येतील असे किती गडी संघाकडे आहेत आणि ते किती तयारीचे आहेत, ही त्या फळीची डेप्थ. नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) ३२ संघांच्या चाहत्यांना फेब्रुवारीतल्या सुपर बोलनंतर, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यानंतर, सप्टेंबरपर्यंत खरा सामना पाहायला मिळत नाही. या मोकळ्या काळात, म्हणजे ऑफ-सीझनमध्ये, कोणाला करारबद्ध करावे आणि कोणाला नारळ द्यावा यावर जे वाद झडतात, त्यांत हा विषय हटकून असतो. भांडण मोठ्या नावांवर होते, पण हंगाम पुष्कळदा सहाव्या-सातव्या गड्यापाशी येऊन ठेपतो. तो गडी कसा आहे हे मैदानात उतरवल्याशिवाय नीट कळत नाही, अगदी प्रशिक्षकालाही. म्हणूनच हा वाद मिटत नाही.

पाच जागा, आठ माणसे

फळीत मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि दोन टोकांना टॅकल असतात. वजन साधारण १४० किलोच्या आसपास, जर्सीचा क्रमांक ५० ते ७९ मधला. पुढे फेकलेला पास झेलण्याची त्यांना एरवी मुभा नसते. चेंडू मागे देणारा सेंटरच समोरची मांडणी पाहून कोणी कोणाला अडवायचे ते पुकारतो. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असेल तर डाव्या टॅकलच्या बाजूने येणारा हल्ला त्याला दिसत नाही, त्यामुळे त्या जागेला मोल जास्त.

समोरची बचावफळी दर काही डावांनी माणसे बदलून दम घेते. ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये तशी पद्धत नाही. दुखापत नसेल तर तेच पाच जण सामनाभर खेळतात, कारण त्यांचे काम एकमेकांच्या सवयीवर चालते. समोरचे दोघे ऐनवेळी एकमेकांच्या वाटा ओलांडून आत घुसले, तर गार्ड आणि टॅकलने एकाच क्षणी आपापला माणूस दुसऱ्याच्या हवाली करावा लागतो. त्या वेळी बोलायला सवड नसते. त्यामुळे एक नवखा आला की बिघाड त्याच्या जागेपुरता राहत नाही, शेजारचाही अडखळतो. शिवाय जागा अदलाबदल करण्याजोग्या नाहीत. उजव्या टॅकलला डावीकडे उभे केले की मागे टाकायचा पाय बदलतो, आधी पुढे करायचा हात बदलतो, वर्षानुवर्षे अंगात मुरलेले सगळे आरशातल्यासारखे उलटे करावे लागते.

यातूनच राखीव गड्यांचे दोन ठरलेले प्रकार आले. दोन्ही टोकांना चालणाऱ्याला स्विंग टॅकल म्हणतात. दुसऱ्या प्रकारचा गडी गार्ड म्हणून उतरू शकतो आणि वेळ पडली तर सेंटर म्हणून चेंडूही देऊ शकतो. ५३ जणांच्या रोस्टरमध्ये संघ साधारण नऊ लाइनमन ठेवतात. २०२० च्या सामूहिक करारात तर नियमच असा झाला, की सामन्याच्या दिवशी किमान आठ लाइनमन असतील तरच संघाला ४७ ऐवजी ४८ खेळाडू सज्ज ठेवता येतात. शिवाय सरावापुरत्या १६ जणांचा प्रॅक्टिस स्क्वॉड असतो. त्यातले दोन जण एखाद्या सामन्यापुरते वर आणता येतात, मात्र एकाच खेळाडूला हंगामात तीनदाच.

पैसा आणि पंचांग

सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरची मर्यादा, १९९४ पासून आहे. तेव्हा ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. सगळ्यांना सारखीच मर्यादा असल्याने राखीव टॅकलवर जादा पैसे घातले की ते दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातून काढावे लागतात. पंगतीला किती पाने जादा धरायची, तसाच हा हिशेब. अन्न उरले तर उधळपट्टी म्हणून बोल लागतो, कमी पडले तर अब्रू जाते.

मार्चच्या मध्यावर लीगचे नवे वर्ष सुरू होते आणि करार संपलेले खेळाडू मोकळे होतात. हा मुहूर्त अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बुधवारी दुपारी चारचा, भारतात तेव्हा गुरुवारची पहाट व्हायची असते, रात्रीचा दीड. पुण्या-मुंबईत बसून एखाद्या संघाचा नाद लावून घेतलेल्यांना ही वेळ पाठ असते. अर्थात सौदे त्याच्या दोन दिवस आधीच्या वाटाघाटींतच ठरलेले असतात. पहिल्या दोन दिवसांत आघाडीचे टॅकल आणि गार्ड उचलले जातात. राखीव म्हणून घ्यायचे ज्येष्ठ खेळाडू मात्र रेंगाळतात, आणि त्यामागे नियमाची मेख आहे. मोकळे झालेले खेळाडू दुसरीकडे गेले तर जुन्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधल्या नव्या खेळाडूंच्या क्रमवार निवडीत, भरपाईचा क्रम मिळू शकतो. पण संघाने स्वतः बाहेरून तसे खेळाडू घेतले की ते या हिशेबातून वजा होतात. ड्राफ्ट एप्रिलअखेर होतो. त्याच्यानंतरच्या सोमवारी ही मोजणी थांबते, म्हणून जाणकार व्यवस्थापक तोवर थांबतो. चाहते मात्र एप्रिलभर ‘स्विंग टॅकल कुठे आहे?’ म्हणून शंख करतात.

कॅन्सस सिटी : फळी कोसळते आणि पुन्हा उभी राहते

या वादात दाखला म्हणून सर्वांत जास्त दिला जातो तो ७ फेब्रुवारी २०२१ चा सुपर बोल. कॅन्सस सिटी चीफ्सचा डावा टॅकल एरिक फिशर याची टाच आदल्याच सामन्यात, बफेलोविरुद्ध, निकामी झाली. उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठदुखीने ऑक्टोबरपासून बाहेर होता. गार्ड लॉरें ड्युव्हर्ने-टार्डिफ हा पेशाने डॉक्टर. करोनाच्या साथीत त्याने हंगाम सोडून रुग्णसेवा पत्करली होती. डावीकडे माइक रेमर्सला आणावे लागले, उजवीकडे गार्ड अँड्र्यू वायलीला सरकवले. क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स रात्रभर मागे मागे पळत राहिला आणि टॅम्पा बेने ३१-९ असा सामना नेला.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत संघाने जे केले ते चाहत्यांच्या मागण्यांनाही मागे टाकणारे होते. फिशर आणि श्वार्ट्झ दोघांनाही सोडले. गार्ड जो थुनीला पाच वर्षांसाठी ८ कोटी डॉलर दिले, बाल्टिमोरकडून टॅकल ऑर्लँडो ब्राउनला घेतले, ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत सेंटर क्रीड हम्फ्री आणि सहाव्या फेरीत गार्ड ट्रे स्मिथ निवडला. नव्या हंगामात पाचही जागांवर नवे चेहरे होते. दोन वर्षांनी फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्धच्या सुपर बोलमध्ये महोम्सला चेंडू फेकण्याआधी एकदाही पाडता आले नाही आणि चीफ्स ३८-३५ ने जिंकले.

गोष्ट इथेच संपली असती तर ‘पैसे ओता, फळी बांधा’ म्हणणाऱ्यांचा विजय झाला असता. पण २०२४ मध्ये त्याच संघाला डाव्या टॅकलची जागा भरता आली नाही. नवोदित किंग्सली सुआमाटाया, मग वान्या मॉरिस, मग नोव्हेंबरात घेतलेला डी. जे. हम्फ्रीज, जो पहिल्याच सामन्यात दुखावला. शेवटी गार्ड थुनीलाच टोकाला उभे केले. ९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये ईगल्सने जादा माणसे हल्ल्यावर न पाठवताही महोम्सला सहा वेळा पाडले. निकाल ४०-२२.

सिनसिनाटी : सूएल की चेस?

डेप्थचा प्रश्न सर्वांत तिखट झाला तो सिनसिनाटी बेंगल्सच्या चाहत्यांत. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांचा नवा क्वार्टरबॅक जो बरो याचा गुडघा मोडला. पुढच्या ड्राफ्टमध्ये संघाचा क्रम पाचवा. समोर दोन पर्याय होते, टॅकल पेनेई सूएल किंवा बरोचा कॉलेजमधला जोडीदार, पास झेलणारा रिसीव्हर जामार चेस. ‘आधी क्वार्टरबॅकला जिवंत ठेवा’ असा एक पक्ष, ‘आधी गुण जमवा’ असा दुसरा. संघाने चेस घेतला, सूएल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला. फळीसाठी दुसऱ्या फेरीत जॅक्सन कारमन आला.

पुढे जे घडले त्यातून दोन्ही पक्षांना आपापला पुरावा मिळाला. चेसने पहिल्याच हंगामात १,४५५ यार्ड काढले आणि संघ ३३ वर्षांनी सुपर बोलमध्ये पोहोचला. त्याच हंगामात बरोला साखळी सामन्यांत ५१ आणि बाद फेरीत १९ वेळा पाडले गेले. टेनेसीविरुद्ध नऊ वेळा आडवा होऊनही तो जिंकला. लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात सात वेळा पाडला गेला, आणि शेवटच्या प्रयत्नात ॲरन डोनाल्डने त्याला गरकन फिरवला तेव्हा २३-२० ची हार पक्की झाली.

मार्च २०२२ मध्ये बेंगल्सनी सेंटर टेड कॅरस, गार्ड ॲलेक्स कॅपा आणि टॅकल लाएल कॉलिन्स असे तीन पक्के गडी विकत घेतले. चाहते खूश. फळी हंगामात हळूहळू सावरली आणि मग डिसेंबरअखेरपासून चार आठवड्यांत ढासळली. कॉलिन्सचा गुडघा, कॅपाचा घोटा, डावा टॅकल जोना विल्यम्सचा गुडघा. २२ जानेवारी २०२३ ला बफेलोच्या बर्फात कारमन, मॅक्स शार्पिंग आणि हकीम ॲडेनिजी हे तीन राखीव उतरले. धावून १७२ यार्ड काढले, बरो एकदाच पडला, सामना २७-१० असा सहज जिंकला. त्या रात्री बेंगल्सच्या चाहत्यांच्या लेखी डेप्थ ही काळजीची बाब उरली नव्हती. आठवड्याने कॅन्सस सिटीत, कोरड्या मैदानावर, त्याच तिघांसह बरो पाच वेळा पाडला गेला. शेवटचा डाव ख्रिस जोन्सने मोडून काढला आणि बेंगल्स २३-२० ने हरले.

एकाच आठवड्यात तेच तीन खेळाडू उत्तमही ठरले आणि अपुरेही. बर्फात हल्लेखोराचे पाय निसटतात, वळण घेता येत नाही, त्यामुळे राखीव टॅकलचे मंद पाय झाकले जातात. कॅन्सस सिटीत ते झाकले गेले नाहीत. डेप्थवर एका सामन्यावरून मत बनवणाऱ्याने हे दोन सामने शेजारी ठेवून पाहावेत. मार्चमध्ये बेंगल्सनी ऑर्लँडो ब्राउनला डावा टॅकल म्हणून चार वर्षांसाठी सुमारे ६ कोटी ४० लाख डॉलरना घेतले आणि जोना विल्यम्सला उजवीकडे जावे लागले. वाद थांबला असे मात्र नाही.

फिलाडेल्फियाचा मार्ग

ईगल्सचे चाहते या चर्चेत जरा तोऱ्यात असतात, आणि त्याला कारण आहे. २०१७ च्या हंगामात त्यांचा नामांकित डावा टॅकल जेसन पीटर्स ऑक्टोबरात गेला. त्याच्या जागी ड्राफ्टच्या पाचव्या फेरीतला हालापुलिवाती वैताई खेळला आणि संघाने सुपर बोल जिंकला. २०१३ मध्ये फळीचे प्रशिक्षक म्हणून आलेले जेफ स्टाउटलँड यांच्या हाताखाली ऑस्ट्रेलियातला रग्बी लीग खेळणारा जॉर्डन माइलाटा, ज्याने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता, तो डावा टॅकल म्हणून घडला. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये त्याचा क्रमांक २३३ वा होता. सेंटर जेसन केल्सी निवृत्त होण्याच्या दोन वर्षे आधीच, २०२२ मध्ये, त्याचा वारस कॅम जर्गन्स निवडून ठेवला होता. मधल्या काळात तो गार्ड म्हणून खेळला. न्यूयॉर्क जेट्सना गुडघ्यांमुळे नकोसा झालेला मेकाय बेक्टन २०२४ मध्ये एका वर्षाच्या करारावर आला, टॅकलचा गार्ड झाला आणि विजेतेपदाची अंगठी घेऊन गेला.

इतर संघांचे चाहते यावरून ‘आपणही असेच करावे’ म्हणतात. यात गडबड अशी, की ईगल्सचा मार्ग खरेदीचा नाही, मुरवत ठेवण्याचा आहे. त्यासाठी दोन-तीन हंगाम न खेळणाऱ्याला रोस्टरवर जागा द्यावी लागते, आणि त्याच जागेवरून एप्रिलमध्ये सर्वांत जास्त आरडाओरड होते.

मोजमाप

लाइनमनच्या खात्यावर यार्ड नसतात, झेल नसतात. त्याने किती वेळा क्वार्टरबॅकला पडू दिले, ही लीगची अधिकृत आकडेवारी नाही. अधिकृतपणे त्याच्या नावावर नोंद होते ती बहुधा नियमभंगाची, म्हणजे पकडून ठेवल्याबद्दल दहा यार्ड किंवा आधी हलल्याबद्दल पाच यार्ड. ही पोकळी प्रो फुटबॉल फोकस या खेळाडूंचा खेळ जोखणाऱ्या कंपनीच्या शून्य ते शंभर गुणांनी भरली. चाहत्यांच्या वादात हे गुण आज वेदवाक्यासारखे फेकले जातात. खेळाडूंची तक्रार अशी, की गुण देणारा चित्रफीत पाहतो, पण त्या डावात सेंटरने काय पुकारले होते हे त्याला ठाऊक नसते; चूक एकाची, गुण दुसऱ्याचे कापले जातात. तक्रारीत तथ्य आहे. तरी ‘माझ्या डोळ्यांना तो बरा वाटतो’ यापेक्षा हे मोजमाप उजवेच.

जुलैअखेर सराव शिबिर सुरू होते तेव्हा संघात ९० जण असतात. ऑगस्टअखेर एका दिवशी हा आकडा ५३ वर आणावा लागतो. लीगभर हजाराहून अधिक खेळाडू एकदम बाहेर पडतात आणि ज्यांची डेप्थ कच्ची आहे ते संघ दुसऱ्याच दिवशी त्यांतून वेचू लागतात. तिथेही काही मिळाले नाही तर घरी बसलेल्या जुन्या गड्याला फोन जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये डॅलसचा टायरन स्मिथ जायबंदी झाला. पहिल्या फेरीत गार्ड म्हणून निवडलेला टायलर स्मिथ डाव्या टोकाला सरकवला गेला, आणि जोडीला डॅलसने जेसन पीटर्सला करारबद्ध केले. वय वर्षे ४०.