मेंदूतील हिस्टामिन चेतापेशी

हिस्टामिन म्हटले की शिंका आणि अंगावर उठणाऱ्या गांधी आठवतात. मेंदूत मात्र हाच रेणू माणसाला जागे ठेवतो. तो बनवणाऱ्या चेतापेशी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात, ट्युबेरोमॅमिलरी केंद्रक या पुंजक्यात असतात. माणसात त्या जेमतेम ६४,००० भरतात, पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूत पोहोचतात.

हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून त्या हिस्टामिन बनवतात. इतर चेतापेशींवरच्या एच१ ग्राहीवर, म्हणजे हिस्टामिनचा संदेश घेणाऱ्या प्रथिनावर, ते बसले की जाग टिकते. हिस्टामिन पेशीवरचा एच३ ग्राही हा तिचा स्वतःचा ब्रेक. जागेपणी या पेशी चालू असतात, झोपेत, स्वप्नांच्या झोपेतसुद्धा, गप्प. ओरेक्सिन हा जागेपणाचा दुसरा संदेशरेणू त्यांना चेतवतो. हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातील झोपेच्या पेशी गाबा आणि गॅलानिन हे शांत करणारे रेणू सोडून त्यांना थांबवतात.

सर्दीच्या जुन्या गोळ्यांची गुंगी इथूनच येते. कोल्हापूर भागात गाळप हंगामात रात्री ऊस वाहणारा ट्रॅक्टरचालक क्लोरफेनिरामिनची ४ मिलिग्रॅमची गोळी घेतो, ती मेंदूत शिरून एच१ अडवते. प्रौढांत तिचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ, सुमारे २० तास असल्याने ‘रात्री घेतली, सकाळी उतरली’ हा हिशेब चुकतो. नव्या गोळ्यांपैकी फेक्सोफेनाडिन मेंदूत जवळजवळ जात नाही. सेटिरिझिन थोडे जाते, त्यामुळे काहींना त्यानेही पेंग येते.

मेंदूच्या ऱ्हासरोगांत या पेशींची गत एकसारखी नसते. अल्झायमरमध्ये त्यांच्यात टाउ प्रथिनाचे गुंते साचतात आणि बऱ्याच पेशी मरतात. म्हणून रुग्णाची दुपारची पेंग केवळ रात्रीच्या अपुऱ्या झोपेवर ढकलणे बरोबर नाही. तोल आणि डोळ्यांची हालचाल बिघडवणारा प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी हाही टाउचाच रोग, तरी त्यात जागेपणाच्या पेशी बऱ्याच तगतात आणि रुग्णाला झोपच लागत नाही. पार्किन्सनमध्ये याच हिस्टामिन पेशींत लेवी पिंड, म्हणजे प्रथिनांच्या गुठळ्या, दिसतात, पण त्यांची संख्या फारशी घटत नाही.

पिटोलिसँट हे औषध एच३चा ब्रेक सोडवते. नार्कोलेप्सीसाठी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारासाठी, त्याला युरोपात २०१६ मध्ये आणि अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. रात्रीची झोप उडू नये म्हणून ते सकाळी देतात. अल्झायमरच्या स्मृतीसाठी एच३ रोधकांच्या चाचण्यांनी मात्र निराशाच केली. पेशीच उरल्या नसतील तर ब्रेक सोडून काय चालणार?

घरातले वृद्ध अचानक सुस्तावले किंवा बरळू लागले, तर आधी त्यांच्या गोळ्यांची पिशवी उघडावी. खोकल्याच्या औषधात आणि दुकानातून परस्पर आणलेल्या ‘झोपेच्या’ गोळीत क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन असू शकते. ही औषधे स्मृतीला लागणारा ॲसिटिलकोलिन हा संदेशरेणूही अडवतात, त्यामुळे विस्मरणाच्या रुग्णाचा गोंधळ वाढतो, लघवी अडते आणि बद्धकोष्ठ होते.