डिस्क जोडली आहे, पण लिनक्सच्या इन्स्टॉलरला दिसत नाही?

वागळे इस्टेटच्या आमच्या दुकानात फोन येतो तो बहुतेक वेळा "डिस्क गेली हो" असाच सुरू होतो. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर चालू झालेला असतो, भाषा आणि कीबोर्ड निवडून झालेले असतात आणि डिस्क निवडायच्या पडद्यावर दोनपैकी एकच दिसते, किंवा एकही नाही. आधी बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच उघडता येणारा सेटिंगचा पडदा) बघा. तिथेही नसेल तर केबल नाहीतर डिस्क, आणि मग हे पत्रक बाजूला ठेवून मशीन घेऊन या. बायोसमध्ये दिसत असेल तर डिस्क सहसा धडधाकट असते. तिच्यावर जुन्या रेडची खूण राहिलेली असते, एवढंच. (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून एकच असल्यासारख्या वापरायच्या; त्या संचाला इथे जोडी म्हटलंय.)

ही खूण जाते कशी नाही?

सॉफ्टवेअर रेड (वेगळ्या कार्डाशिवाय लिनक्सच सांभाळतं ती) करताना लिनक्स प्रत्येक डिस्कवर किंवा पार्टिशनवर एक छोटी नोंद लिहून ठेवतं: ही कुठल्या जोडीतली, कितवी, जोडी कुठल्या प्रकारची. सध्याच्या १.२ या पद्धतीत ती सुरुवातीपासून ४ केबीवर असते, १.० आणि जुन्या ०.९० मध्ये शेवटाकडे. मदरबोर्डच्या इंटेल रेडची नोंदही डिस्कच्या अगदी शेवटी बसते. म्हणून "विंडोजमध्ये फॉरमॅट मारलं होतं की!" याला अर्थ नाही. क्विक फॉरमॅट त्या टोकापर्यंत पोचतच नाही. सेकंडहँड डिस्क आणली की हा अनुभव हमखास येतो.

इन्स्टॉलरला नोंद सापडली की तो डिस्क सुटी न दाखवता जोडीचा भाग मानतो. कधी स्वतःच जोडी उभी करतो, आणि मग यादीत 'एमडी१२७' नावाचं अनोळखी काहीतरी दिसतं. ते व्हायरस नाही. (हा प्रश्न खरंच येतो.)

आधी नुसतं बघा

खालच्या कमांड फोनवर सांगतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स थेट चालतं तो) मशीन चालू करून टर्मिनल उघडा. 'एलएसबीएलके -एफ' दिलं की जुन्या रेडच्या भागापुढे 'लिनक्स रेड मेंबर' असं येतं. 'कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट' मध्ये दोन डिस्कच्या जोडीपुढे [यूयू] दिसलं तर दोन्ही हजर, एका जागी आडवी रेघ असेल तर तिथली डिस्क जोडीत नाही.

आता एकच प्रश्न: आत डेटा हवा आहे का? हवा असेल तर इथेच थांबा आणि आम्हाला फोन करा. विशेषतः 'एमडीएडीएम --क्रिएट' देऊ नका. "जोडी परत बनवू" म्हणून ती दिली जाते, पण ती नवी जोडी बनवते. जुनी उघडायला 'एमडीएडीएम --असेंबल' आहे.

डेटा नकोच असेल तर 'एमडीएडीएम --स्टॉप' ने जोडी थांबवा, नाहीतर डिस्क 'बिझी' आहे म्हणून अडून बसते. मग 'वाइपएफएस' द्या. नुसतं दिलं तर ते फक्त खुणा दाखवतं, पुढे '-ए' लावलं की पुसतं. त्याआधी डिस्कचा सिरियल नंबर ताडून घ्या. 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं पेनड्राइव्ह लावला किंवा मशीन रीस्टार्ट झालं की बदलू शकतात. आम्ही स्वतः एकदा या नावांवर विसंबून चुकीची डिस्क पुसली होती. बॅकअप होता म्हणून निभावलं. तेव्हापासून प्रत्येक डिस्कवर मास्किंग टेपची पट्टी आणि मार्करने सिरियल नंबर.

एनव्हीएमई डिस्क (मदरबोर्डवर थेट बसणारी एसएसडी) दिसत नसेल तर

बायोसमध्ये स्टोरेज 'रेड' वर, किंवा इंटेलच्या 'आरएसटी' किंवा 'व्हीएमडी' वर असू शकतं. ते एएचसीआय (रेडशिवायची साधी पद्धत) केलं किंवा व्हीएमडी बंद केलं की बहुतेकदा डिस्क दिसते. मात्र त्याच मशीनवर विंडोज असेल तर ते उठायला नकार देईल, म्हणून आधी विचारा. आणि उबुंटूच्या जुन्या डेस्कटॉप इन्स्टॉलरमध्ये सॉफ्टवेअर रेड बनवायची सोयच नव्हती. त्यासाठी सर्व्हरचा इन्स्टॉलर किंवा डेबियन घ्या.

इन्स्टॉल झालं, पण एका डिस्कवरच उठतं

मिररमध्ये (तोच डेटा दोन डिस्कवर ठेवणारी रेड) डेटा दोन्हीकडे असतो, बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) मात्र अनेकदा पहिल्याच डिस्कवर टाकलेला असतो. पहिली गेली की डेटा शाबूत आणि मशीन मुकं. जुन्या बायोसवाल्या मशीनमध्ये ग्रब (लिनक्सचा नेहमीचा बूटलोडर) दोन्ही डिस्कवर टाका. डिस्कवर जीपीटी (पार्टिशनच्या यादीची नवी पद्धत) असेल तर प्रत्येकीवर १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन लागतं. यूईएफआयमध्ये (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) बूटलोडर ठेवायचं ईएफआय पार्टिशन दुसऱ्या डिस्कवरही हवं. मशीन बंद करून पहिलीची केबल काढा आणि चालू करून बघा. परीक्षेनंतर ती डिस्क जोडीत बहुधा पुन्हा घालावी लागते.

नवी जोडी बनवल्यावर सिंक, म्हणजे दोन्ही डिस्क सारख्या करणं, सुरू होतं. ४ टीबीच्या डिस्कला सेकंदाला १५० एमबी धरले तरी साडेसात तास लागतात. तोवर काम करता येतं. मध्येच लाइट गेली तरी सहसा घाबरायचं कारण नाही, पण यूपीएस असलेला बरा.

दुकानात येताना सगळ्या डिस्क आणा, "खराब" ठरवून कपाटात टाकलेलीसुद्धा. जोडी उघडताना बऱ्याचदा तीच लागते.