बोनस घेण्याआधी बाँड वाचा: अमेरिकेतल्या रिजनल एअरलाइनमध्ये रुजू होणाऱ्या वैमानिकांसाठी

साइनिंग बोनसला मराठीत नेमका शब्द आहे: उचल. पैसे आधी हातात पडतात आणि ठरलेली मुदत भरेपर्यंत ते डोक्यावर राहतात. अमेरिकेतल्या रिजनल एअरलाइन, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या नावाने छोटी जेट विमाने चालवणाऱ्या कंपन्या, वैमानिकांचा तुटवडा असला की नव्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिकाला, अशी उचल देतात. काही कंपन्या बोनसच्या जोडीला किंवा त्याच्याऐवजी प्रशिक्षणाचा करार करून घेतात, त्याला सगळे बाँड म्हणतात. नावे दोन असली तरी बोली एकच असते: इतके महिने आमच्याकडे राहा, आधी गेलात तर एवढे पैसे भरा.

ही पद्धत फोफावण्यामागे एक अपघात आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोल्गन एअर या रिजनल कंपनीची फ्लाइट ३४०७ कोसळली आणि ५० जण गेले. त्यानंतर २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही एटीपी, म्हणजे साधारण दीड हजार तासांवर मिळणारे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट प्रमाणपत्र, सक्तीचे झाले. त्याआधी कमर्शियल परवान्यावर, २५० तासांच्या आसपास उड्डाण असले तरी, उजव्या सीटवर बसता येत असे. (त्या विमानातल्या दोघाही वैमानिकांचे तास दीड हजारांहून बरेच जास्त होते, हे मात्र चर्चेत फारसे येत नाही.) पात्र उमेदवार कमी झाले, तसे बोनसचे आकडे वाढले.

पात्रतेचा हिशेब असा. पूर्ण एटीपीसाठी वय २३ आणि एकूण १,५०० तास लागतात. त्यात ५०० तास क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दुसरीकडे दूरचे उड्डाण), १०० तास रात्रीचे, ७५ तास इन्स्ट्रुमेंटचे (फक्त उपकरणांवर विसंबून), ५० तास मल्टी-इंजिनचे आणि २५० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचा प्रमुख, म्हणून. मर्यादित एटीपी २१व्या वर्षी मिळू शकते: लष्करी वैमानिकाला ७५० तासांवर, मान्यताप्राप्त संस्थेतून विमानचालनाची पदवी असेल तर १,००० वर, दोन वर्षांची असोसिएट पदवी असेल तर १,२५० वर. लेखी परीक्षेआधी एटीपी-सीटीपी हा कोर्स करावा लागतो, ३० तास वर्गात आणि १० तास सिम्युलेटरवर. हा कोर्स महाग असल्यामुळे अनेक कंपन्या त्याचा खर्च उचलतात, आणि काही बाँडची सुरुवात इथूनच होते.

भारतातून शिकायला गेलेल्यांनी आणखी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. अमेरिकेत परवाना मिळणे आणि अमेरिकेत नोकरी करण्याचा हक्क मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक रिजनल कंपन्या कायम स्वरूपाचा काम करण्याचा हक्क मागतात. तो नसेल तर बोनसचा आकडा पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही.

अर्ज ऑनलाइन भरतात. कागदपत्रांत परवाना, पहिल्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, पासपोर्ट, रेडिओटेलिफोन परमिट, ड्रायव्हिंग लायसन्स, शिक्षणाची गुणपत्रके आणि लॉगबुक लागते. लॉगबुकवर खरेच वेळ घाला. अर्जातले तास आणि लॉगबुकातली बेरीज जुळली नाही तर मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. मागच्या दहा वर्षांतले पत्ते आणि नोकऱ्या तारखांसह एका कागदावर आधीच काढून ठेवा, मधल्या रिकाम्या महिन्यांचे कारणही लिहा. सुरक्षा तपासणीसाठी बोटांचे ठसे घेतले जातात आणि गुन्हेगारी नोंदी तपासतात. दारू पिऊन गाडी चालवल्याची जुनी केस असेल तर ती लपवू नका, वाहनचालकांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ती सापडू शकते.

मुलाखत चांगली झाली की सशर्त नियुक्तिपत्र येते. त्यानंतर अमली पदार्थांची चाचणी होते. गांजा काही राज्यांत कायदेशीर असला तरी ही चाचणी केंद्राच्या नियमांनी होते, तिथे सवलत नाही. पुढे वैमानिकांच्या नोंदींचा डेटाबेस, पीआरडी, तपासला जातो. त्यात जुन्या कंपन्यांतले प्रशिक्षण, नापास झालेल्या चेकराइड (उड्डाणाच्या प्रात्यक्षिक परीक्षा), शिस्तभंगाच्या कारवाया, नोकरी सुटल्याची नोंद असे सगळे असते. कंपनीला तो पाहण्यासाठी तुमची संमती लागते. स्वतःची नोंद तुम्हालाही पाहता येते आणि चूक असेल तर हरकत घेता येते. अर्ज करण्याआधीच ती पाहून घ्या.

सगळे पार पडले की क्लास डेट, म्हणजे कंपनीचे प्रशिक्षण सुरू होण्याची तारीख, मिळते. बोनसचा आणि बाँडचा कागद कधी नियुक्तिपत्राबरोबर येतो, तर कधी पहिल्या दिवशी वर्गात, वीस जणांसमोर पेन पुढे करून. दुसरा प्रकार मला पटत नाही. क्लास डेट ठरली की लगेच ईमेल लिहून कराराचा पूर्ण मसुदा मागा. कंपनी बहुतेक वेळा पाठवते. टाळाटाळ झाली तर त्यातून काय समजायचे ते समजा.

मसुदा हातात आला की रक्कम बाजूला ठेवून आधी घड्याळ शोधा. मुदत कोणत्या दिवसापासून मोजतात? क्लासच्या पहिल्या दिवसापासून, चेकराइड पास झाल्यापासून, की लाइनवरचे, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवरचे, प्रशिक्षण संपल्यापासून? यांत काही महिन्यांचा फरक पडतो. सिम्युलेटर मिळायला वेळ लागला आणि चेकराइड लांबली तर तो उशीर कंपनीचा असतो, पण घड्याळ चेकराइडपासून सुरू होत असेल तर भुर्दंड तुम्हाला.

मग परतफेडीचा उतार पाहा. समजा बोनस २०,००० डॉलर आणि मुदत २४ महिने. रक्कम दर महिन्याला कमी होत असेल, तर १५ महिन्यांनी सोडल्यावर २४ पैकी ९ महिन्यांचे म्हणजे ७,५०० डॉलर परत द्यायचे. करारात तसा उतार नसेल तर तेविसाव्या महिन्यातही पूर्ण २०,००० मागता येतात. सही करण्याआधी बदलून मागण्यासारखे कलम कोणते असे कोणी विचारले, तर मी हेच सांगेन.

तिसरे, ‘नोकरी सोडणे’ या शब्दांत काय काय बसते. स्वतः राजीनामा दिला तर पैसे परत, हे समजू शकते. पण वैद्यकीय प्रमाणपत्र गेले तर? प्रशिक्षणात नापास झालात तर? कंपनीने फर्लो केले, म्हणजे काम नसल्याने तात्पुरते घरी बसवले, किंवा तळच बंद केला तर? या प्रत्येकाचे उत्तर कागदावर हवे. नव्या वैमानिकाला पहिले वर्ष प्रोबेशन असते, त्यामुळे कंपनीने काढले तरी वसुली असे कलम असेल तर धोका खरा आहे. ‘आमच्याकडे असे कोणाला कधी मागितले नाही’ हे वाक्य रिक्रूटर प्रेमाने सांगतो. तो कराराचा पक्षकार नसतो.

करांचा भाग नीट समजून घ्या. बोनसवर केंद्राचा आयकर साधारणपणे २२ टक्के दराने आधीच कापतात. त्याशिवाय सोशल सिक्युरिटीचे ६.२ आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के. म्हणजे २०,००० पैकी ५,९३० कापले जाऊन हातात १४,०७० येतात, राज्याचा कर असेल तर आणखी कमी. त्याच कॅलेंडर वर्षात परतफेड केली तर कापलेल्या करांचा हिशेब कंपनीच्या पगारखात्यात दुरुस्त होऊ शकतो. वर्ष उलटले की कंपनी सहसा करकपातीपूर्वीची रक्कम मागते. म्हणजे न मिळालेले पैसेही आधी खिशातून भरायचे आणि मग आयकराचा भाग विवरणपत्रात मागायचा. परतफेड ३,००० डॉलरांहून जास्त असेल तर अमेरिकी आयकर कायद्याच्या कलम १३४१ खाली दिलासा आहे, पण तो हिशेब सीएकडून म्हणजे तिथल्या सीपीएकडून करून घ्या. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सोडायचे की जानेवारीत, हा प्रश्न त्यामुळे साधा राहत नाही.

प्रशिक्षणाच्या बाँडमध्ये टाइप रेटिंगची, म्हणजे ठरावीक प्रकारचे विमान चालवण्याच्या पात्रतेची, किंमत लावलेली असते. हे रेटिंग एफएए, म्हणजे अमेरिकेची विमानवाहतूक नियामक संस्था, तुमच्या प्रमाणपत्रावर नोंदवते, नोकरी सोडली म्हणून ते जात नाही. म्हणून कंपनीचा ‘आम्ही तुमच्यावर खर्च केला’ हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. मात्र लावलेली किंमत खऱ्या खर्चाशी जुळते का, व्याज आहे का, शेवटच्या पगारातून परस्पर कापून घेण्याची मुभा दिली आहे का, हे पाहा. कोणत्या राज्याचा कायदा लागू, हेही एका ओळीत लिहिलेले असते. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२६ पासूनच्या करारांत ‘राहा नाहीतर भरा’ छापाची बहुतेक कलमे बेकायदा ठरवली आहेत. साइनिंग बोनसला तिथे सूट आहे, पण अटींसह: करार वेगळा हवा, वकिलाला दाखवायला कामकाजाचे पाच दिवस हवेत, मुदत दोन वर्षांपलीकडे नको, परतफेड बिनव्याजी आणि उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात घटणारी हवी. तुम्ही दुसऱ्या राज्यात असलात तरी ही यादी कंपनीसमोर ठेवून बोलता येते.

एक हिशेब करारात कधीच नसतो, तो सिनिऑरिटीचा. मोठ्या एअरलाइनमध्ये पगार, बेस, विमान, सुट्ट्या हे सगळे रुजू झालेल्या तारखेवर ठरते आणि ती रांग ६५व्या वर्षी निवृत्त होईपर्यंत बदलत नाही. तिथून बोलावणे आले आणि बाँडचे आठ महिने उरले असतील, तर बहुतेक वेळा पैसे भरून निघणेच परवडते. म्हणून बोनसमधली परतफेडीइतकी रक्कम मुदत संपेपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवा, गाडीच्या हप्त्यात घालू नका.

निघताना लेखी नोटीस द्या आणि बाकी रकमेचा आकडा लेखी मागा. पैसे एकरकमी जमत नसतील तर हप्ते ठरवून घ्या, अनेक कंपन्या तयार होतात. शेवटचा हप्ता गेला की बाकी काही नसल्याचे पत्र घेऊन ते लॉगबुकाशेजारी ठेवा.