पार्श्वभूमी : डॉक्टरांची सजगता आणि ड्युटीचे तास

कळवा, नेरूळ, कामोठे इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत एमबीबीएसला आलेल्या मुलांना ताण कसा हाताळायचा, रुग्णाशी बोलताना स्वतःच्या वागण्याकडे कसं पाहायचं, हे आता अभ्यासक्रमातच शिकवलं जातं. २०१९च्या तुकडीपासून देशभर लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमातून हे आलं. पुढे हीच मुलं निवासी डॉक्टर, म्हणजे रुग्णालयात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर, होतात आणि वाद तिथे सुरू होतो: थकलेल्या डॉक्टरला सजगता (माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता आपल्या मनात काय चाललंय याकडे लक्ष देणं) शिकवायची की त्याच्या ड्युटीचे तास कमी करायचे?

सजगतेच्या सरावाला आधुनिक रुग्णालयात ठळक जागा मिळाली ती १९७९ मध्ये, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये. काही आठवड्यांचा तो वर्ग रुग्णांसाठी होता, विशेषतः जुनाट दुखण्याने बेजार झालेल्यांसाठी. त्याची मुळं बौद्ध ध्यानपरंपरेतली, हे बेलापूरच्या पारसिक टेकडीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

डॉक्टरकडे नजर वळली ती ठळकपणे १९९९ मध्ये. एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकातल्या निबंधाने मांडलं की स्वतःच्या मनात काय चाललंय हे टिपणारा डॉक्टर रुग्णाचं नीट ऐकतो आणि स्वतःच्या चुका ओळखतो. हा हेतू मला फार मोलाचा वाटतो. रात्री तीनला कॅज्युअल्टीत दारू प्यायलेला माणूस आणला की आधी चीड येते. ती चीड वेळीच लक्षात आली नाही, तर त्याची गुंगी दारूच्या खात्यावर टाकली जाते आणि डोक्याला लागलेला मार तपासायचा राहून जातो. म्हणजे सजगता ही निदानाच्या कौशल्याचा भाग होती.

पुढे दिशा बदलली. २००९ मध्ये सजगतेचं प्रशिक्षण घेतलेल्या ७० अमेरिकी डॉक्टरांवरचा एक अभ्यास आला. त्यांचा मानसिक थकवा घटला होता, रुग्णांविषयीची आस्था वाढली होती; तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता. तरी सजगतेची ओळख हळूहळू बर्नआउटवरचा, म्हणजे कामाने पार थकून जाण्यावरचा, उपाय अशी झाली. ऐरोलीच्या आयटी कंपन्यांपासून घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांपर्यंत आज ‘माइंडफुलनेस’ म्हणून जे ओळखलं जातं, ते बहुतेक याच वळणानंतरचं. याउलट जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या रोगवर्गीकरणाने बर्नआउटला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या दीर्घ ताणाशी त्याची गाठ घातली.

आपल्याकडचा गुंता आहे तो या कामाच्या तासांचा. निवासी डॉक्टरांसाठी केंद्राचा १९९२चा आदेश आहे: साधारणपणे आठवड्याला ४८ तास, सलग १२ तासांपेक्षा जास्त नाही, आळीपाळीने साप्ताहिक सुट्टी. त्याच आदेशात एक पळवाटही आहे. कामाचा भार आणि उपलब्ध डॉक्टर पाहून रुग्णालयाच्या अधीक्षकांना तास बदलता येतात. भार नेहमीच जास्त आणि डॉक्टर नेहमीच कमी, त्यामुळे अपवाद हाच रिवाज झाला. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या २०२३च्या नियमावलीत तर आकडाच नाही. तिथे ‘वाजवी’ तास एवढंच आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. पाहणीत सुमारे ४५ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आठवड्याला ६०हून अधिक तास काम करत असल्याचं सांगितलं. अहवालाने मर्यादा सुचवली ७४ तासांची, म्हणजे २४ तासांची एक ड्युटी आणि उरलेले पाच दिवस दहा-दहा तास.

१९९२च्या आकड्याच्या जवळपास दीडपट तास हा दिलासा म्हणून मांडला गेला, हे मला पटत नाही. मानलं की वर्गात शिकलेलं उपयोगी पडलं. पहाटे चारला, विसाव्या तासाला, आपला हात जड झालाय आणि औषधाचा डोस दुसऱ्यांदा वाचावा लागतोय, हे निवासी डॉक्टरच्या लक्षात आलं. आता त्याने वॉर्ड कुणाच्या हवाली करायचा? सजगतेच्या धड्यांत याचं उत्तर नाही, कारण ते ड्युटीच्या तक्त्यात असायला हवं. तक्ता बदलायचा तर पदं भरावी लागतात, रजेवर गेलेल्याच्या जागी माणूस द्यावा लागतो आणि त्याची तरतूद अंदाजपत्रकात करावी लागते. ध्यानाच्या वर्गाला एक हॉल आणि एक प्रशिक्षक पुरतो.

अहवाल आला तेव्हा ७४ तास ही शिफारस होती, नियम नव्हता. निवासी डॉक्टरांच्या संघटना त्यानंतरही १९९२च्याच आदेशाची अंमलबजावणी मागत राहिल्या.