औषध-परिणामकारकतेची गणितीय प्रतिमाने

नियंत्रित चाचणीत दिसलेला औषधाचा गुण नेहमीच्या वैद्यकीय व्यवहारात कितपत टिकेल, याचा अंदाज बांधणारी गणितीय व संख्याशास्त्रीय साधने. चाचणीतले रुग्ण निवडलेले असतात आणि त्यांच्यावर देखरेख असते. व्यवहारातला रुग्ण बहुधा अधिक वयाचा, अनेक व्याधींचा आणि डोस चुकवणारा असतो.

उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक टॉर्स्टेन टेओरेल यांच्या १९३७ मधील लेखांपर्यंत मागे जातात. त्यांत औषधाचा शरीरातील प्रसार समीकरणांनी मांडला होता, पण रुग्णारुग्णांतील फरकाला जागा नव्हती. इतर काहीजण १९६७ मध्ये श्वार्ट्झ व लेलूश यांनी केलेला स्पष्टीकरणात्मक (आदर्श स्थितीत औषध काम करते का, हे पाहणाऱ्या) व व्यवहारलक्षी (नेहमीच्या उपचारात ते कितपत उपयोगी पडते, हे पाहणाऱ्या) चाचण्यांचा भेद आरंभबिंदू मानतात. त्या विवेचनाचा रोख मुख्यतः चाचणीच्या रचनेवर होता. लुईस शायनर व सहकाऱ्यांचा १९७७ चा लेख त्यामानाने अधिक जवळचा वाटतो. रोजच्या उपचारात जमलेल्या डिगॉक्सिन या हृदयविकारावरील औषधाच्या तुरळक रक्तनोंदींवरून समूहाची सरासरी आणि व्यक्तिगत विचलन एकत्र काढण्याची रीत त्यात आहे. पुढे शायनर व स्टुअर्ट बील यांनी याच रीतीवर ‘नॉनमेम’ ही संगणकप्रणाली उभारली.

आजच्या प्रतिमानांत साधारणपणे चाचणीतील रुग्णांना वय, सहव्याधी, मूत्रपिंडाची क्षमता इत्यादींनुसार हिशेबात नवे भार देऊन (पुनर्भारण) ते प्रत्यक्ष रुग्णसमूहाशी जुळवले जातात. डोस चुकण्याचा नमुना वेगळा घालावा लागतो. अर्धायुष्य (रक्तातील औषध निम्म्यावर येण्याचा काळ) कमी असलेल्या औषधात सलग दोन डोस चुकणे आणि तेवढेच डोस विखरून चुकणे यांचा परिणाम सारखा नसतो. सरासरी पालनाचा (ठरलेल्यापैकी किती डोस घेतले, याचा) एकच आकडा वापरला की हा फरक बुजतो.

हार्ट फेल्युअरवरील स्पायरोनोलॅक्टोनचा अनुभव या क्षेत्रात बोलका आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. मूत्रपिंड बरेच बिघडलेले वा रक्तातील पोटॅशियम आधीच वाढलेले रुग्ण तीत घेतले नव्हते. त्यानंतर कॅनडातील ऑंटॅरिओत औषधाचा वापर झपाट्याने वाढला. एसीई-रोधक (रक्तदाब उतरवणारी, पण पोटॅशियम वाढवू शकणारी औषधे) घेणाऱ्या वृद्ध हार्ट फेल्युअर रुग्णांत पोटॅशियम वाढून रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये दर हजारी २.४ होते, ते २००१ मध्ये ११ झाले. वगळलेल्या गटांविषयी चाचणीत माहितीच नसल्याने निव्वळ पुनर्भारणाने हा धोका दिसला नसता. त्यासाठी मूत्रपिंडाची क्षमता व पोटॅशियम यांचा संबंध मांडणारे शरीरक्रियात्मक समीकरण लागते.

निरीक्षणात्मक नोंदींवर पडताळणी करताना डॉक्टर कोणते औषध कोणाला देतात, यातूनच पूर्वग्रह शिरतो. गर्भवतींना बहुतेक चाचण्यांतून वगळले जात असल्याने त्यांच्याबाबतची प्रतिमाने मुख्यतः शरीरक्रियात्मक गृहीतकांवर उभी आहेत.